काकांचा कडक नेम

आमच्या लोणावळ्यात माझ्या मावशीच्या यजमानांइतका खवय्या झाला नाही आणि त्यांच्याइतका उपाशीही कुणी राहिला नाही. काका शाळामास्तर, पण जीव सगळा ताटात. लग्नात ते मांडवाआधी आचाऱ्याला गाठत. कुणाच्या घरी समाचाराला गेले तरी हळूच विचारत, "वाईट झालं हो. शेवटचं काय जेवले होते?"

उतारवयात त्यांचा घास छातीतच अडकू लागला. मग भर पंगतीत काका ताठ उभे राहत, तोंड आढ्याकडे, दोन्ही हात वर, पाण्याचा घोट आणि टाचांवर हलकीशी उडी. "हं, पोचला," म्हणत पुन्हा बसत. कार्ल्याच्या एका लग्नात नवरीच्या आज्याने हे पाहून हातच जोडले.

"मास्तर, लय कडक नेम हाय तुमचा! कंच्या देवाचा म्हनायचा?"

काकांच्या तोंडात पाणी होतं. त्यांनी नुसतं बोट वर केलं. झालं! बायका पाया पडू लागल्या. काकांनाही ते पथ्यावर पडलं, कारण वाढप्यांचा आग्रह थांबला. पण माणूस वाळत चालला. पुढे पेजेवर आले. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणत, "पोट फाडून घेण्यापेक्षा उपाशी मरेन."

मावशी एवढंच म्हणाली, "तुमचा नेम तो माझा. तुमच्या घशाखाली उतरेल तेवढंच मी खाईन." आणि तीही पेजेवर आली. मग मात्र काका मुकाट्याने मुंबईच्या गाडीत बसले.

तिथले डॉक्टर म्हणाले, "फाडायचं काही नाही. तोंडावाटेच जाऊ." घसा बधिर करून, मान मागे टाकून त्यांनी इवल्याशा दिव्याची सरळ नळी आत घातली. अन्ननलिका आवळली होती तिथे रबरी पिशवी नेऊन पाण्याने फुगवली आणि वाट मोकळी केली. बाहेर मावशीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं सुन्न झाली. काका बाहेर आले ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "दिवा घेऊन आत गेले आणि कोठार रिकामं बघून परत आले!" आम्ही हसता हसता रडलो.

घरी परतल्यावर काही दिवसांनी मऊ भात, तूप, मेतकूट. सगळे काकांच्या गळ्याकडे बघत होतो. त्यांनी घास गिळला. बसूनच.

"उतरला?" मावशीने विचारलं.

काकांनी दुसरा घास कालवला आणि त्या काळात, आम्हा सगळ्यांदेखत, तिला भरवला.

मावशी पदराने डोळे पुसत म्हणाली, "मीठ कमी पडलंय."

आता दोघंही नाहीत. पण तो घास सावकाश चावणारी मावशी आठवली, की मला अजून हायसं वाटतं.