ओल्या पायरीवरचा शब्द

खरं सांगायचं तर होटगीच्या रस्त्यावरचा महादेव माझ्यासाठी कधी देव नव्हताच, वळायची खूण होता. मी मॅरेथॉन पळते, म्हणजे बेचाळीस किलोमीटर, आणि खेळाडू म्हणूनच मला सोलापुरात रेल्वेत नोकरी मिळाली. क्वार्टरपासून त्या लहानशा देवळापर्यंत जायचं, पायरीला हात लावायचा आणि मागं फिरायचं, हा माझा वर्षानुवर्षांचा सराव. डोळे मिटून हात जोडण्यात चार सेकंद जातात, तेही मला परवडायचे नाहीत. केमला, माझ्या गावी, आई म्हणायची, "देवाला तरी घड्याळ लावू नगं गं बाई." मी हसून सोडून द्यायची.

मग एकतिसाव्या वर्षी उजवा खुबा दुखायला लागला. देशाच्या संघाची निवड शर्यत बारा दिवसांवर आली होती आणि या वयात पुन्हा अशी संधी येईल याची खात्री नव्हती. एक्स-रेत काही दिसलं नाही. सर, म्हणजे माझे प्रशिक्षक, महिनाभर मागं लागले होते, "अगं, एकदा एमआरआय करून घे की." मी आज-उद्या करत टाळत होते. तपासलंच नाही तर काही निघणारही नाही, असा माझा हिशेब. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत, सरांना न सांगता गोळ्या गिळायच्या आणि पळायचं, असं चाललं होतं.

त्या सकाळी मात्र देवळाजवळ पोचता पोचता खुब्यात अशी कळ आली की मी पहिल्यांदाच तिथं थांबले. मनात भक्ती नव्हती, राग होता. म्हटलं, इतकी वर्षं तुला शिवून जाते, आज एवढं सांग, पळू की नको? एक शब्द पुरे. आणि तशीच तावातावानं पायऱ्या चढायला लागले. तेवढ्यात बाजूनं आवाज आला, "निदान, यव्वा, निदान!" बघते तर हातात बादली घेतलेली एक म्हातारी. पुढं ती कानडीत काहीबाही बोलली. मी केमकडची, मला कानडीचा गंध नाही. पण तो एक शब्द तर मराठी होता. निदान! महिनाभर मी सगळ्यांपासून चुकवत होते, तेच. मी मटकन पायरीवर बसले आणि तिथूनच सरांना फोन लावला. म्हटलं, "सर, न्यायला या. एमआरआय करायचाय."

मांडीच्या हाडाला खुब्यापाशी चीर निघाली. डॉक्टर म्हणाले, "आणखी एक लांब शर्यत पळाला असता तर हाड तुटलं असतं. मग पळणं सोडा, नीट चालणंही अवघड होतं." निवड शर्यतीच्या दिवशी मी उशाशी कुबड्या ठेवून पडून होते आणि खूप रडले. पण रडता रडताही तो शब्द आठवला की ऊर भरून यायचा. प्रत्यक्ष महादेव माझ्याशी बोलला होता.

कुबड्या सुटल्यावर नारळ घेऊन बसनं तिथं गेले. म्हातारी होती, सुनेबरोबर आवारात ज्वारी पाखडत बसली होती. मी तिच्या पाया पडले आणि सगळं सांगितलं. सून सासूशी कानडीत बोलली आणि दोघींना हसू आवरेना. "ताई, आमच्या आत्याबाईंना मराठी येतच न्हाय," सून म्हणाली. "कानडीत निधान म्हंजे हळू, यव्वा म्हंजे बाई. पायऱ्या नुकत्याच धुतल्या हुत्या की. तुमी लई जोरात आला, घसराल म्हणून म्हनल्या त्या."

मी आधी हिरमुसले. मग त्याच पायरीवर बसल्या बसल्या जे उमगलं, त्यानं आतून हलले. आकाशवाणी झाली असती तर मी कदाचित कान झाकले असते, तेवढी हट्टी मी आहेच. इथं एका बाईनं आपलं काम करता करता, आपल्या भाषेत, परक्या मुलीची साधी काळजी केली. ती काळजी माझ्या कानात शिरताना नेमका मला हवा तोच शब्द झाली. हे कुणी केलं, ते मी कुणाला पटवायला जात नाही. आमच्याकडं भजनात निधान म्हणजे ठेवा. तो मला चुकीचं ऐकून मिळाला.

आता मी पुन्हा पळते. संघात जागा मिळेल की नाही ते त्याच्यावर सोपवलंय, माझ्याकडं फक्त सराव ठेवलाय. देवळाशी आले की घड्याळ थांबवते आणि दोन्ही हात जोडून उभी राहते. किती वेळ, ते मोजत नाही.

एक सांगायचं राहिलंच. त्या दिवशी नारळ ठेवून मी निघाले, पहिल्या पायरीवर पाय टाकला, तशी मागून म्हातारी पुन्हा म्हणाली, "निधान, यव्वा." मी खाली बघितलं. पायऱ्या ठणठणीत कोरड्या होत्या. मी एकेक पायरी हळू उतरले.