उजवा कान दिसला पाहिजे

फोटो स्टुडिओत नेगेटिव्ह साठतात, त्या आम्ही वर्षभराने फेकून द्यायचो. किस्सेही साठतात, पण ते न्यायला कुणी येत नाही आणि फेकवतही नाहीत. राजारामपुरीत आमचा स्टुडिओ होता. थोरला भाऊ, म्हणजे दादा, कॅमेऱ्यामागे आणि मी डार्करूममध्ये, नाहीतर बाकड्यावर गिऱ्हाइकांशी गप्पा मारत. बारशापासून साठीपर्यंत सगळे फोटो आम्ही काढले, पण डोक्याला खरा ताप दिला तो अमेरिकेच्या ग्रीन कार्डाच्या फोटोने!

नव्वदच्या दशकात आमच्या भागातली पोरंपोरी तिकडे नोकरीला गेली आणि काही वर्षांनी आईवडलांना बोलावू लागली. त्या फोटोचे नियम अजब होते. मागे पांढरंफेक पाहिजे, मान जराशी वळवलेली पाहिजे, कानात काही नको, आणि उजवा कान अख्खा दिसला पाहिजे!

दादा भडकलाच. "माणूस न्यायचाय का कान न्यायचाय त्यास्नी?"

*

पहिलं गिऱ्हाईक आमच्याच गल्लीतले आबा पैलवान. मूळचे शिरोळकडचे, कुस्तीसाठी कोल्हापुरात आले आणि इथलेच झाले. त्यांची मुलगी सुनीता अमेरिकेत, आणि तिला दिवस गेलेले. आबांचे आणि आक्कांचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, सगळे कागद तयार होते, फोटो तेवढे राहिले होते.

आणि तिथेच घोडं अडलं. आबांचा उजवा कान तालमीत घासून घासून पार मोडला होता, सुजून गोळा झाला होता. डावा मात्र शाबूत!

"ह्यो कान त्यास्नी कान तरी वाटंल का?" दादा माझ्या कानात पुटपुटला. आबांना म्हणाला, "जरा हात बसू दे, मग तुमचा काढतो."

आक्का चिडल्या. "तुमचा हात बसंपतूर बाळ काय थांबनार हाय व्हय?"

*

हात बसवायला दुसरी गिऱ्हाइकं होतीच. एका इंजिनिअरची आई आली. डोक्यावरचा पदर थेट कानांवरून घेतलेला. मी म्हटलं, "काकू, पदर जरा मागं घ्या, कान दिसला पाहिजे."

काकू ढिम्म हलेनात. नजर भिंतीवर.

"काय झालं काकू?"

"मामंजी बघत्यात की!"

मी वळून बघितलं. भिंतीवर नमुना म्हणून लावलेल्या मोठ्या फोटोत फेटा बांधून त्यांचे सासरे बसले होते. दादानेच काढलेला तो फोटो. सासरे जाऊन कैक वर्षं झाली होती, पण पदर काही खाली येईना. शेवटी सासऱ्यांना भिंतीकडे तोंड करून ठेवलं तेव्हा कुठे काकूंचा कान दिसला.

निघताना त्यांनीच आठवण केली, "मामंजीस्नी सरळ करा हं. लई तापट हाईत."

*

पांढऱ्या पडद्याची वेगळीच कथा. आमच्याकडे रंगवलेला जुना पडदा होता. त्यावर धबधबा, कमळं आणि हंस. पडदा दादाचा जीव की प्राण, तो काढायला तयार होईना. मग त्यावरच घरातली पांढरी चादर टांगली.

चादर होती धुऊन धुऊन विरलेली. फोटो धुतला तर गिऱ्हाइकाच्या खांद्यावर अंधूक हंस बसलेला! गिऱ्हाईक होतं दुधाचा धंदा करणारं, सरळ माणूस. बराच वेळ त्याने फोटो निरखला आणि गंभीरपणे म्हणाला, "फोटू चांगला हाय ओ. पण ह्या पक्ष्याचं कार्ड निराळं काढाय लागंल न्हवं?"

दुसऱ्या दिवशी दादाने स्वतःच्या हाताने धबधबा उतरवला. दिवसभर जेवला नाही.

*

दादाचा दुसरा जीव म्हणजे रिटचिंग. नेगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून तो सुरकुत्या घालवायचा. गारगोटीचे एक रिटायर हेडमास्तर आले, त्यांच्या कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांखालच्या पिशव्या, सगळं दादाने साफ केलं. मास्तर बेहद्द खूश! बायकोला दाखवायला दोन कॉप्या जास्तीच्या घेऊन गेले.

पुढच्याच महिन्यात परत आले. तिकडच्या वकिलाने फोटो माघारी धाडला होता. म्हणे, हा फार जुना आहे, ताजा पाठवा.

दादा उसळला, "जुना? अवो, फोटू ताजाच हाय! वय तेवढं जुनं लावलंय!"

*

हळूहळू दादाचा हात बसला, इतका बसला की उठेचना. समोर कुणीही बसलं की हा जाऊन मान वळवायचा. शाळेचा फोटो, बँकेचा फोटो, सगळ्यांचे उजवे कान. एका मुलीचा स्थळासाठी काढलेला फोटोही तसाच गेला.

आठ दिवसांनी तिचे वडील दारात. "पावणं म्हनत्यात, पोरगी पसंत हाय. पर डावा कान हाय का न्हाय, तेवढं कळवा."

*

एवढं झाल्यावर दादाने आबांचं काम घेतलं. त्याने एक युक्ती काढली होती आणि मला डार्करूममध्ये ती मोठ्या अभिमानाने सांगितली. आबांचा डावा, शाबूत कान घ्यायचा आणि नेगेटिव्ह उलटी घालून छापायची. डावा झाला उजवा!

फोटो झकास आला. आबांनी चष्मा नव्हता म्हणून नुसती मान डोलावली. आक्कांनी मात्र फोटो डोळ्यांशी धरला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"ह्यो कोन?"

"आबाच की," दादा म्हणाला.

"ह्यांच्या गालाव तीळ डाव्या अंगाला हाय. ह्येच्या उजव्या. चेहरा ह्यांचाच हाय, पर मानूस दुसराच हाय."

दादाला सगळं कबूल करावं लागलं. आबा ताडकन उठले. "अरं, ह्या कानापायी उभी जवानी मातीत घातली, आन् तू त्योच पुसाय निघालास? खरा कान काढ! न्हाईतर कळवतो पोरीला, म्हातारा येत न्हाय म्हनून!"

आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्या कानाचं एवढं? आन् नातवंडाचं तोंड बघायचं न्हाय व्हय?"

दादा गुपचूप उठला आणि बाजूचा दिवा लावून त्या मोडक्या कानाची घडी न घडी दिसेल असा फोटो काढला. पेन्सिलीला हातही लावला नाही.

*

मुंबईत अमेरिकन वकिलातीतल्या मुलाखतीत काय झालं ते आक्कांनी परत आल्यावर स्टुडिओत बसूनच सांगितलं.

काचेपलीकडे गोरा साहेब, तरणा, मान रेड्यासारखी. शेजारी मराठी सांगणारी बाई. साहेबाने फोटो बघितला, आबांकडे बघितलं, परत फोटो. मग बोटाने खूण केली, मान वळवा. आबांनी वळवली. शिक्का साहेबाच्या हातात तसाच. आक्कांनी अंबाबाईचा धावा सुरू केला. संपलं सगळं, कानाने घात केला!

साहेबाने शिक्का खाली ठेवला. कानावरचे केस मागे सारले आणि आपली मान वळवून उजवा कान काचेला लावला.

मोडलेला. गोळा झालेला. डिट्टो!

आबा दोन पावलं मागे सरकले आणि त्यांनी असा दणदणीत शड्डू ठोकला की खुर्च्यांवरची माणसं उभी राहिली आणि दारावरचा बंदूकवाला धावत आत आला. साहेबाने हसत हसत त्याला थांबवलं.

ती बाई घाबरून म्हणाली, "आजोबा, अहो काय झालं?"

"काय न्हाय बाई," आबा म्हणाले. "साहेबास्नी तेवढं इचारा, वस्ताद कोन तुमचा?"