रिकामे रकाने

सिमेंटच्या कारखान्यात तिला सगळे सरासरीबाई म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं. का आवडू नये? भट्टीत कोळशाच्या जोडीला जुने टायर जाळायला लागल्यापासून धुराड्यातल्या वायूंचे आकडे तीच सांभाळत होती. तीन वर्षांपूर्वी तिच्याच सहीचा पहिला अहवाल गेला होता: टायरच्या दिवशी गंधकवायूची सरासरी कोळशापेक्षा कमी. नणंद धुराड्याच्या पलीकडच्याच गल्लीत राहायची, खोकल्याने बेजार असायची. "वन्सं, उगाच धुराला बोल लावू नका, मी आकडे पाहिलेत," असं हिने तिला ठणकावून सांगितलं होतं.

आता टायर दुप्पट जाळायचे ठरलं आणि नवा अहवाल सोमवारपर्यंत हवा होता. तासातासाच्या तक्त्यात नेहमीसारखे मधले काही रकाने रिकामे. यंत्र बिघडलं असेल म्हणून ती ते आजवर खुशाल गाळत आली होती. या खेपेला सहज म्हणून तिने यंत्र बघणाऱ्याला विचारलं, "हे इतकं बिघडतं कशाने हो?"

"बिघडतंय कुठे?" तो चहा फुंकत म्हणाला. "वायू त्याच्या मापाबाहेर गेला की ते आकडाच देत नाही. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

दुपारभर बसून तिने तीन वर्षांचे तक्ते चाळले. रिकामे रकाने एकशे बारा. त्यातले एकशे सहा टायरच्या दिवसांचे. म्हणजे नेमके सगळ्यात वाईट तास वगळून बाईसाहेबांनी सरासरी काढली होती, आणि वर ती मिरवलीही होती.

मोठे साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, रिकाम्या रकान्यात आकडा आणणार कुठून? सोडून द्या."

"आकडा नाही आणत, साहेब. रकाने किती, ते लिहिते."

नव्या अहवालाच्या पहिल्या वाक्याने तिचा तासभर खाल्ला: माझे आधीचे अहवाल चुकीचे होते. बावीस वर्षांच्या नोकरीत कमावलेलं नाव एका ओळीत धुळीला मिळालं असं वाटून तिला रडू आलं. तरी तिने सही केली.

मग ती थेट नणंदेकडे गेली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. नणंद चिडेल, चार शब्द सुनावेल, या तयारीनेच ती गेली होती. पण नणंदेने उठून खिडकी लावून घेतली.

"तू सांगितलंस म्हणून मी खिडक्या उघड्या ठेवायला लागले होते गं," ती म्हणाली.