गळका व्हॉल्व्ह

सोलापूरला पाणी आणणाऱ्या पाइपलाइनवर गळती शोधायला आम्ही ड्रोन आणला. ड्रोन आपला आपण उडायचा. मी नुसता स्क्रीन बघायचो. तेच काम पिकल्या मिशांचा एक लाइनमन वर्षानुवर्षं पायी करत आला होता. पाइपावर काठी टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि डोळे मिटून ऐकत राहायचं.

एकदा ड्रोनने एका व्हॉल्व्हखाली ओल दाखवली. तिथे दगडी डोण होती. लाइनमन माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "थेंब थेंब मीच गळू देतुय, सायेब. मेंढरं पित्यात की हितं. तेवढं एक दिसलं न्हाय म्हना."

"काका, फोटो आपोआप ऑफिसात जातो," मी म्हणालो. खोटं बोललो. प्रत्येक फोटो आधी मीच तपासायचो. ती खूण पुसणं माझ्याच हातात होतं.

व्हॉल्व्ह घट्ट झाला. पुढच्या फेरीत स्क्रीनवर तीच जागा आली. लाइनमन वाकून आपल्या प्यायच्या कॅनमधलं पाणी कोरड्या डोणीत ओतत होता.

स्क्रीनच्या खाली हिरव्या अक्षरांत उमटलं, 'दोष आढळला नाही.' त्याखाली सही माझी आहे.