टेपची जवारी

पंच्याहत्तर-शहात्तर साल असेल. सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होते, गॅदरिंगला आठवडा राहिला होता... आणि मी कार्यक्रम ठरवणाऱ्या सरांसमोर हटून उभी होते. मला स्टेजवर सात मिनिटं हवी होती. गाण्याला नाही, नाचाला नाही, माझ्या टेपला!

टेपवर काय होतं ते आधी सांगते. लॅबमधला ऑसिलेटर, म्हणजे एकसारखा सूर काढणारं टेस्टिंगचं यंत्र. त्याचे आवाज वर-खाली करत मी रेकॉर्ड केले, ब्लेडने टेप कापून उलटसुलट चिकटवली, काही भाग अर्ध्या वेगाने वाजवले. ना शब्द, ना ताल, ना चाल...

हे खूळ रेडिओमुळे लागलं. मामा लष्करातून रिटायर होऊन आला तो मोठा रेडिओ आणि स्पूलचा टेपरेकॉर्डर घेऊनच. एका संध्याकाळी शॉर्टवेव्हवर कुठल्याशा परदेशी स्टेशनवर असले आवाज लागले. घरच्यांना वाटलं, स्टेशन नीट लागत नाहीये... मी मात्र जागची हलले नाही.

सिनेमातलं गाणं आता रडा, आता हसा असं सांगतं. इथे मला कुणीच काही सांगत नव्हतं. नुसता आवाज मोठा होत होता, विरत होता, आणि माझं मन त्यात हवं तिकडे फिरत होतं. मला ते फार म्हणजे फार आवडलं, आणि हे आपल्यालाही जमेल याची तेव्हाच खात्री पटली. (खात्री मला पहिल्यापासून जरा लवकरच पटते.)

सर हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पण म्हणाले, संगीतातल्या कुणा जाणकाराने हे संगीत आहे असं लिहून दिलं तर वेळ देतो, शनिवारपर्यंत चिठ्ठी आण. वर्गात मुलगी मी एकटीच... चिठ्ठी मिळाली नसती तर पोरांनी वर्षभर मला सळो की पळो करून सोडलं असतं.

सांगलीतल्या गाण्याच्या एका बाईंनी अर्धं मिनिट ऐकलं आणि बंद करायला सांगितलं. मग आठवले मिरजेचे हमीदचाचा. आमच्या घरचा तंबोरा त्यांच्याच हातचा, आणि त्यांच्या कानाला भलेभले गवई मानायचे.

टेपरेकॉर्डर मामा कुणाच्या हाती देईना, म्हणून तोच तो उचलून माझ्याबरोबर बसमध्ये चढला. "लय जड हाय गं तुजं संगीत," एवढंच वाटेत बोलला.

चाचा भोपळ्यांच्या ढिगात बसून काम करत होते. मी काहीच न सांगता टेप लावली... म्हटलं, आधी ऐकू देत. त्यांनी कानस खाली ठेवली, डोळे मिटले आणि पूर्ण सात मिनिटं हलले नाहीत. माझी मान ताठ झाली.

मग म्हणाले, "आवाज बंद पडलाय गं. तंबोरा घिऊन ये, जवारी काढून देतो."

मामाला हसू आवरेना. चाचांना वाटलं होतं, घरचा तंबोरा बिघडलाय आणि मी त्याचा आवाज टेप करून दाखवायला आणलाय. मी शक्य तितक्या आदराने सांगितलं की चाचा, यात तंबोराच नाही, हे मशीन आहे.

तरी ते मागे हटले नाहीत. "मशीन असंल. पण बंद हाय ते हायच."

त्यांनी शेजारचा तंबोरा ओढला आणि तार छेडली. आवाज सरळ, कोरडा; यालाच ते 'बंद' म्हणत होते. मग घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा धागा सरकवला, केसभर इकडे, केसभर तिकडे... आणि एका जागी त्याच तारेतून पाच-सहा सूर एकदम बाहेर पडले आणि गुंजत राहिले. तार घोडीला जराशी घासली पाहिजे, त्याशिवाय ती बोलत नाही, हीच जवारी, असं त्यांनी समजावलं.

घासली पाहिजे... मी बघतच राहिले. अ‍ॅम्प्लिफायर शिकवताना आम्हाला सांगायचे की आवाज फार रेटला तर त्याच्या लाटेचा माथा वरच्या मर्यादेला घासून कापला जातो, आणि तो दोष. तोच दोष टाळत टाळत मी माझे सगळे आवाज गुळगुळीत करून ठेवले होते.

चिठ्ठी न मागताच निघाले. दोन दिवस लॅबमध्ये बसून सगळं नव्याने रेकॉर्ड केलं, अ‍ॅम्प्लिफायर किंचित जास्त रेटून. नॉब एवढासा फिरवायचा, ऐकायचं, पुन्हा फिरवायचा... एका जागी तोच नुसता सूर भरून आला, गुंजायला लागला, आणि मी एकटीच हसत बसले.

शुक्रवारी पुन्हा मिरज, पुन्हा मामाच्या खांद्यावर मशीन. चाचांनी ऐकलं, परत लावायला सांगितलं, परत ऐकलं. मी कागद पुढे केला.

"ह्येला संगीत म्हणत्यात का न्हाई, मला ठावं न्हाई. खोटं लिवणार न्हाई मी."

मी कागदाची घडी घालायला लागले. पण मग त्यांनीच कागद ओढून घेतला, सावकाश एक ओळ लिहिली आणि खाली सही केली... 'जवारी बरोबर लागली आहे.'

सर म्हणाले, यात संगीत हा शब्दच नाही. मी म्हटलं, सर, जवारी वाद्याचीच लागते. त्यांनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली आणि सात मिनिटं दिली.

गॅदरिंगला दोन मिनिटांत निम्मा हॉल उठून चहाला गेला, मागून मांजराचे आवाजही आले. मला काही वाटलं नाही. टेप चांगली झाली होती, हे मला माहीत होतं.

पुढे आयुष्यभर आवाजाच्याच कामात राहिले. न कळता वा वा करणारे पुष्कळ भेटले, न ऐकताच नाक मुरडणारे त्याहून जास्त. चाचांना माझी टेप आवडली होती का, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही... पण आपल्याला न कळणाऱ्या गोष्टीला पुन्हा पुन्हा सात मिनिटं मन लावून कान देणारा माणूस मला विसाव्या वर्षीच भेटला, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.