हंसांपुढची जागा

आमच्या फोटोमास्तरांनी निम्म्या मालवणाचे फोटो काढले, पण कुणालाही मधोमध बसू दिले नाही. नवरदेव उजवीकडे बघत असला की त्याला डावीकडे सरकवत आणि उजवीकडे हातभर भिंत ठेवत. "बघतल्याच्या फुडे जागा व्हयी," ते म्हणत. नवरदेवाच्या बापाला भिंतीचा फोटो नको असे, पण मास्तरांपुढे कुणाचे चालत नसे.

माझे शिंपीकामाचे दुकान त्यांच्या स्टुडिओला लागून. फोटो छापून झाला की ते त्यावर चारी बाजूंनी कागदाच्या पट्ट्या सरकवत, नको ते झाकून बघत आणि मग माझी कात्री मागायला येत. कागदाने कात्रीची धार जाते, हे मी त्यांना पंधरा वर्षे सांगितले. त्यांनी पंधरा वर्षे मान डोलावली.

त्यांचा जीव मात्र उडत्या हंसांत अडकला होता. थंडीत गावाबाहेरच्या तळ्यावर रानहंस उतरत. शाळेतले गुरुजी म्हणत, हे खरे हंस नव्हेत, हंसांचे लांबचे नातेवाईक. "नातेवायक तर नातेवायक, उडतत मां?" मास्तर विचारत. उडवण्याचे काम त्यांच्या बायकोकडे, म्हणजे काकींकडे होते. तळ्याच्या टोकाला उभे राहून त्या पितळेची थाळी वाजवत. हंस उडत, रोलातले आठही फोटो संपत आणि घरी कुणाचे पाय, कुणाची शेपटी येई.

"थाळी बेगीन वाजयलंस," मास्तर घाईचा ठपका ठेवत.

"हंसांक सांगा," काकी म्हणत.

गोवा मोकळा झाला त्याच्या आदल्या वर्षी थवा उठला, वाऱ्याने वळला आणि भिण्याऐवजी थेट काकींकडेच निघाला. सात हंस, सातांचे पंख पसरलेले. मास्तर चार दिवस त्या फोटोवर पट्ट्या सरकवत बसले. पाचव्या दिवशी कात्री मागितली. हंसांच्या पुढ्यात, अगदी कोपऱ्यात काकी आल्या होत्या, थाळीसकट. मी कात्री दिली.

काकींनी कापलेला तुकडा उचलून पाहिला. "माका कापलात?"

"तुका नाय गो, थाळी कापलंय. चमकता ती. नजर थंय जाता."

काकी हसल्या आणि तुकडा चूल पेटवायला घेऊन गेल्या. हंसांपुढे मोकळे आभाळ असलेला तो फोटो स्टुडिओत लागला. बघायला कुडाळहूनही माणसे आली.

चार वर्षांनी काकी तापाने गेल्या. भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो, तेव्हा कळले की मास्तरांनी बायकोचा एकही फोटो काढलेला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मला फार लाज वाटली. कात्री माझी होती.

तेराव्यानंतर मास्तर जुन्या निगेटिव्हची नवी प्रत घेऊन दुकानात आले. मी सवयीने कात्री पुढे केली.

"नको," ते म्हणाले.

कोपऱ्यात काकी होत्या, नखाएवढ्या, तोंड वर करून हंसांकडे बघणाऱ्या. हातातल्या थाळीचा पांढरा ठिपका झाला होता. नजर तिथेच जात होती.

तोच फोटो घरात लागला, त्यालाच हार चढला. गुरुजी भेटायला आले आणि सवयीप्रमाणे चूक काढून बसले. "मास्तर, हंसांपुढची जागा भरली की हो."

"भरूं दे," मास्तर म्हणाले. "हंस खंय चल्ले ता आता दिसता."

त्यानंतर त्यांनी माझी कात्री कधी मागितली नाही. तिची धार आता वर्ष वर्ष टिकते. मला ते आवडत नाही.