बनसोडेमामा आणि खाऱ्या पाण्यातले दोन मासे

बनसोडेमामा गेले हे मला कळलं तेव्हा त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमसुद्धा होऊन गेला होता. तुळजापूरच्या स्टँडजवळ दुकान चालवणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला होता. बोलता बोलता तो म्हणाला, "बाई, आपले लॅबवाले मामा गेले की. तुम्हाला कुणीच सांगितलं न्हाय व्हय?" नाही रे बाबा, मला कोण सांगणार? निवृत्त होऊन सोलापूरला भावाकडे राहायला आले, त्यालाही आता किती वर्षं झाली. गुडघे धड नाहीत. रडू आलं नाही, फक्त लई थकल्यासारखं झालं. पुढे दोन आठवडे आज जाऊ, उद्या जाऊ करत घालवले आणि मग एकदाची गेले... पण ते नंतर सांगते.

सुदाम बनसोडे आमच्या हायस्कुलात प्रयोगशाळेचे परिचर होते आणि मी तिथं विज्ञान शिकवायची. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, पण शिपायाला सगळी शाळाच मामा म्हणते, म्हणून माझेही मामाच. मूळचे तामलवाडीचे. मी नोकरीला लागले ते बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष. विहिरींनी तळ गाठलेला, गावात टँकर यायचा आणि त्यामागे घागरींची रांग. अशा दिवसांत आमच्या हेडसरांनी काय करावं? त्यांची सासुरवाडी रत्नागिरीची. सासुरवाडीहून माणसं नारळ आणतात, काजू आणतात. आमचे सर चार डब्यांत समुद्राचं पाणी आणि किटलीत तीन पट्ट्यापट्ट्यांचे मासे घेऊन यष्टीतून उतरले! वाटेत गाडी थांबेल तिथं सरांच्या बाईसाहेब माशांना हवा मिळावी म्हणून किटलीतलं पाणी चमच्यानं ढवळत बसल्या होत्या म्हणे. काचेची पेटी आली, हवेचा छोटा पंप आला. जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन त्या वर्षी आमच्याच शाळेत भरणार होतं आणि शिक्षणाधिकारी साहेब येणार होते. सरांनी मला आणि मामांना समोर उभं केलं. "तोवर मासे जगवा. दोघांच्याही कायम होण्याचे कागद मी स्वतः पुढे सरकवतो. मेले, तर मला तोंड दाखवू नका." मी तात्पुरती, मामा रोजंदारीवर. माझे वडील नुकतेच वारलेले, पाठचे दोन भाऊ शिकत होते. मामांची बायको दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि घरात एक तान्ही पोर. दोघांनाही तो कागद पाहिजेच होता.

शाळेत पाण्याची पेटी आहे ही बातमी गावात पसरायला काय वेळ लागतो! एक दिवस टँकरच्या रांगेतली एक बाई कमरेवर रिकामी घागर घेऊन थेट प्रयोगशाळेत शिरली. "आमाला घोटभर मिळंना आन् तुमी काचंत कोंडून ठेवलंय व्हय!" मी गडबडून काहीतरी समजावायला लागले. मामांनी मात्र पेला बुडवला आणि तिच्यापुढे धरला. "प्या की मावशी. लागंल तेवढं प्या." तिनं तोंडाला लावलं आणि दारात जाऊन थुंकली. "अगं बया! असल्या पाण्यात जगत्यात हे?" मग तीच पेटीपुढे फतकल मारून बसली आणि बराच वेळ मासे बघत राहिली. जाताना पदरानं काच पुसून गेली.

प्रदर्शनाला महिना उरला असेल. एका सकाळी मामा म्हणाले, "बाई, माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यावानी दिसतंय बघा." पांढरे बारीक ठिपके. मासे पेटीच्या कडांना अंग घासत होते, खाणं सोडलं होतं. सोलापूरहून मागवलेल्या पुस्तकात सापडलं, की हा एक सूक्ष्म परजीवी आहे, माशाच्या कातडीत शिरून राहतो. उपाय म्हणून मोरचूद लिहिलं होतं. प्रमाणही दिलं होतं, पण आमच्या पेटीत पाणी नक्की किती हे मोजायचा धीर मला कुठला? अंदाजानं चिमूट टाकली. अंदाजानं! आणि मी म्हणे विज्ञानाची शिक्षिका. संध्याकाळपर्यंत एक मासा उलटा तरंगत होता. मामांनी तो उचलला आणि लिंबाखाली पुरला. पेटीतलं सगळं पाणी बदलून टाकलं. समुद्राच्या पाण्याचे दोनच डबे राहिले.

चार दिवसांनी ठिपके आपोआप गेले. मी खूश! मामा खूश नव्हते. आठवड्याच्या आत ठिपके परत आले, आधीच्या दुप्पट. मी डोक्याला हात लावून बसले होते, तेव्हा मामा शेजारी उकिडवे बसून म्हणाले, "बाई, म्या गुरांच्या छावणीवर काम केलंय. गोचिडाचं कसं असतंय, रक्त पिऊन फुगतंय, मग जनावराच्या अंगावरनं खाली पडतंय आन् गोठ्याच्या सांदीत अंडी घालतंय. जनावराला किती बी औषध चोळा, गोठा तसाच ठिवला तर परत चढतंयच. ह्यांचं बी तसंच असंल. औषध माशाला न्हाय, पेटीला पायजे."

मी पुस्तक पुन्हा उघडलं. परजीवी माशावरून गळतो, तळाला चिकटतो, तिथं त्याची पिल्लं होतात आणि काही दिवसांनी ती परत मासा शोधतात. सगळं छापलेलं होतं. मी ते वाचलंही होतं, पण त्याचा अर्थ मामांना कळला होता.

मग त्यांनी दर तिसऱ्या दिवशी मासे हलवायला सुरुवात केली. पेटीतून इनॅमलच्या टबात, टबातून पेटीत. रिकामं झालेलं भांडं घासून दिवसभर उन्हात कोरडं ठणठणीत करायचं, आणि ऊन काय, तेवढं एकच त्या वर्षी मुबलक होतं. पण पाणी ओतून द्यायची सोय नव्हती. गोडं पाणी निदान टँकरनं यायचं, खारं कुठून आणणार? मामांनी त्यावरही तोड काढली. ते पाणी जर्मनच्या पातेल्यात उकळायचं, गार करायचं, धोतराच्या फडक्यातून गाळायचं. उकळताना जेवढं कमी होईल तेवढंच गोडं पाणी वर घालायचं, त्यासाठी आत रंगाची रेघ मारून ठेवली. ते गोडं पाणी ते स्वतःच्या घरच्या घागरीतून आणत. चार वेळा मासे हलवले. दोन्ही मासे चकचकीत झाले आणि हातातलं खायला लागले.

प्रदर्शनात आमच्या पेटीपुढे सगळ्यात जास्त गर्दी होती. शिक्षणाधिकारी आले, हेडसरांनी रोगाची सगळी हकिगत सांगितली. साहेबांनी विचारलं, "मासे हलवायची ही युक्ती कुणाची?" हेडसर म्हणाले, "आमच्या या नव्या बाईंची." मी तोंड उघडलं. मामा माझ्या मागेच टब धरून उभे होते. मी 'नाही' म्हणायच्या आत... खरं सांगते, आत वगैरे काही नाही. भरपूर वेळ होता. साहेब मामांकडे बघत थांबले होते. मामा म्हणाले, "व्हय साहेब, बाईंचंच डोकं." आणि मी तोंड मिटलं.

माझा कायम होण्याचा कागद पुढल्या महिन्यात आला. मामांचा नऊ वर्षांनी. सरांना मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अहो, टब उचलायला काय, कुणीही मिळतं." तेव्हाही मी बोलू शकले असते. त्यानंतर एकाच प्रयोगशाळेत आम्ही कितीतरी वर्षं काढली. मामांनी तो विषय कधी काढला नाही, आणि ते काढत नाहीत याचं मला बरं वाटायचं. लाज वाटते, पण बरंच वाटायचं.

तर परवा तामलवाडीला गेले. मामांची मुलगी संगीता, तीच ती तेव्हाची तान्ही पोर, आता तिचेच केस पांढरे व्हायला लागलेत. तिनं चहा दिला. "बाबा तुमचं लई सांगायचे, बाई. दुष्काळात बाईंनी कशी युक्ती काढली आन् मासे वाचवले, नातवंडांना पाठ झालंय."

म्हणजे घरातसुद्धा माझंच नाव! मी म्हटलं, "संगीता, ती युक्ती माझी नव्हती गं. त्यांची होती." आणि सगळं सांगितलं, कागदासकट.

ती म्हणाली, "आई नऊ वर्षं रोजगार हमीच्या कामावर जात होती, बाई. तवा का न्हाय बोललात?"

"भ्याले गं."

मला वाटलं ती रडेल, नाहीतर चिडेल. तिनं माझ्या हातातला कप काढून घेतला आणि दमल्या आवाजात म्हणाली, "मग मला सांगून काय उपेग? ज्यांच्या म्होरं गप बसलात, त्यांना सांगा."

हेडसर केव्हाच गेले. साहेब कुठले होते, आहेत का नाहीत, मला ठाऊक नाही. त्या दिवशी पेटीभोवती उभी असलेली पोरं मात्र आता साठीच्या पुढची असतील, आणि त्यातली काही पेपरची ही पुरवणी वाचत असतील. बाळांनो, ती युक्ती सुदाम बनसोडे यांची होती. तुमच्या बाई तिथंच उभ्या होत्या आणि गप्प बसल्या.